कळविण्यात येते की

जळगावच्या पिंप्राळ्यापासून धुळ्याच्या देवपूरपर्यंत कोणत्याही अनुदानित शाळेत जा, सातवी-आठवीच्या वर्गशिक्षकांत एखादे तरी सूचनासर सापडतातच. विषय बहुधा हिंदी किंवा इतिहास. (गणिताच्या सरांना बोलायचा कंटाळा असतो आणि इंग्रजीच्या सरांचा क्लास असतो.) जून ते फेब्रुवारी ते बहुतेक चारचौघांसारखे वागतात. मार्चमध्ये ऊन चढायला लागतं, शाळा सकाळची होते, आणि सरांच्या अंगात कळवणं संचारतं.

पहिली सूचना पालकांच्या ग्रुपवर पहाटे सव्वापाचला येते. 'सर्व पालकांना कळविण्यात येते की.' सूचनेत सर 'मी' कधीच लिहीत नाहीत. त्यांच्या भाषेत कोणी काही करत नाही, सगळं आपोआप होण्यात येतं. पेपर घेण्यात येतात, पुस्तकं जमा करून घेण्यात येतात, उशिरा आलेल्यास बाहेर उभं करण्यात येतं. एकदा सर स्वतः तापाने आजारी पडले, तेव्हाही 'वर्गशिक्षकांना ताप आल्याचे कळविण्यात येते' असंच आलं होतं. पालकांना वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी आला असेल.

सूचनेच्या शेवटी ठरलेली ओळ: 'वाचले असल्यास अंगठा टाकावा.' एके काळी ज्यांना वाचता येत नव्हतं ते अंगठा द्यायचे; आता वाचल्याचा पुरावा म्हणून तोच मागितला जातो. खान्देशातला पालक अंगठ्याला कंजूष नाही. तो सूचना उघडायच्या आधी अंगठा टाकतो, मग कामाला लागतो, आणि संध्याकाळी सरांना फोन करतो, 'सर, काय आलंय हो ग्रुपवर?' माजी मुख्याध्यापकांच्या निधनाची बातमी आली तेव्हाही अडतीस अंगठे पडले. एकाने तर 'छान उपक्रम' असंही लिहिलं.

सरांना यासाठी कायद्याचा आधार आहे आणि ते तो ऐकवतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात, मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती द्यावी, आणि मुलाविषयी इतर संबंधित माहितीही द्यावी. बाकीचे शिक्षक प्रगतीपाशी थांबतात. सूचनासर 'इतर संबंधित माहिती'पासून सुरू करतात. डब्यात तिसऱ्यांदा तीच शेव आली. वहीला कव्हर आहे पण वहीत काही नाही. खिशात कांदा ठेवायला सांगितलं होतं तो उन्हासाठी, मधल्या सुट्टीत फोडून खाण्यासाठी नव्हे.

परंपरा म्हणाल तर तीही भक्कम आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृह सांभाळायचे, आणि मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. रोज! सूचनासरांच्या मते आपण त्याच वारशातले. फरक इतकाच, की गुरुजींचं दैनिक मुलं धावत येऊन वाचायची.

सरांची खरी कसोटी एप्रिलमध्ये लागते, आणि 2025 चा एप्रिल ते जन्मात विसरणार नाहीत. राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा एकाच वेळापत्रकाने घ्यायच्या, असा आदेश पुण्याहून आला: 8 ते 25 एप्रिल. निकाल 1 मे रोजी. पुण्यात एप्रिल हा महिना असतो. जळगाव-भुसावळात ती शिक्षा असते. पारा 43-44 वर गेलेला, आणि सर सूचना टाकत होते की 'विद्यार्थ्यांनी प्रसन्न चित्ताने यावे.'

पण अडचण उन्हाची नव्हती, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची होती. खान्देशात वर्ष संपतं ते आखाजीला. सालदाराचा हिशेब आखाजीला होतो, नवा करार तेव्हाच ठरतो, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, आमरस-पुरणपोळी होते आणि पुरुष मंडळी उघडपणे पत्ते कुटतात. त्या वर्षी आखाजी आली 30 एप्रिलला आणि निकाल दुसऱ्या दिवशी. म्हणजे ज्या आईने निकाल घ्यायला यायचं ती माहेरी, ज्या बापाने यायचं तो पत्त्यांच्या फडात, आणि ज्याचा निकाल तो पोरगा सुरतेला मामाकडे. आपल्याकडची निम्मी मामेमंडळी उधन्याला नाहीतर लिंबायतला राहतात, आणि ताप्ती लाइनची गाडी शाळेचं वेळापत्रक बघून सुटत नाही. तेवीस तारखेपासूनच फोन सुरू झाले. 'सर, शेवटचा पेपर चित्रकलेचाच आहे ना? मग जाऊ द्या ना भो त्याला. चित्र काय, तो तिकडे काढेल.'

इकडे माऊल्या गच्चीवर. एप्रिल म्हणजे बिबड्या, कुरडया, पापड. हात पिठात, फोन चटईच्या कोपऱ्यावर उन्हात तापत पडलेला. सूचना वाचतो तो घरातला पोरगा, आणि आपल्या सोयीची तेवढीच आईला सांगतो. 'पुस्तकं परत करावीत' हे तो सांगतो, कारण त्यात त्याचा फायदा आहे. 'पालकांनी भेटावे' हे तो स्वतःच अंगठा टाकून मिटवतो. सरांना हे ठाऊक आहे. एखादा अंगठा फार चटकन पडला की ते मनात म्हणतात, हा मम्मीचा नाही.

उत्तरं येतात ती बोलून. धुळ्याकडच्या ग्रुपवर लिहिण्याची भानगड कुणी करत नाही, बटण दाबून सरळ अहिराणीत सुरू. पंधरा ओळींची सूचना, तीत निकालाची तारीख, वार, वेळ, खोली क्रमांक, सोबत काय आणावं, काय आणू नये. आणि खाली नऊ सेकंदांचा आवाज, 'सर, निकाल कव्हय शे?' मागे कोंबडी ओरडते. सर पुन्हा सगळं लिहितात. पुन्हा आवाज: 'मना पोऱ्या पास शे का, तेवढं सांगा.'

हा 'पास'चा मुद्दा आठवीच्या ग्रुपवर फार जड गेला. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. पालकांची एक पिढी या निश्चिंतीत वाढली. मग 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात राहिला तर पुन्हा परीक्षा, तीतही राहिला तर त्याच वर्गात. सरांनी हे जुलैत कळवलं, दिवाळीत कळवलं, संक्रांतीच्या तिळगुळासोबत कळवलं. एप्रिलमध्ये एक नाना भेटले ते म्हणाले, 'सर, तुम्ही उगाच पोरांना भेव दाखवता. आठवीपर्यंत नापास करता येत नाही, कायदा आहे.' त्या एका क्षणी सरांना कलम 24 आठवलं नाही.

सर एवढं का करतात? गल्लीतले म्हणतात, हौस. सहकारी म्हणतात, मुख्याध्यापक व्हायचंय. मला वाटतं, थोडी भीतीही आहे. शाळेत शिक्षक किती ठेवायचे हे संचमान्यतेत ठरतं, आणि संचमान्यतेत मोजली जातात ती आधार जुळलेली मुलं. प्रत्यक्ष बाकावर बसलेलं, शेंगदाणे खाणारं, सरांच्या खुर्चीला च्युइंगगम लावणारं मूल जन्मतारखेतल्या एका आकड्यामुळे कागदावर नसतं. मुलं कमी पडली की कुणीतरी अतिरिक्त ठरतं आणि यावल-रावेरच्या टोकाला समायोजनाला निघतं. म्हणून एप्रिलच्या सूचनांत मधेच काकुळती येते: 'रोल नं. 14 च्या पालकांना शेवटची विनंती करण्यात येते.' ही शेवटची विनंती मार्चपासून चालू असते.

रोल नंबर हेच सरांचं जग. फोनमध्ये सगळे पालक तसेच साठवलेले: '7 ब 14 मम्मी', '7 ब 22 पप्पा सुरत', '7 ब 31 आजोबा (ऐकू येत नाही)'. जळगावच्या फुले मार्केटमध्ये भर गर्दीत सर हाक मारतात, 'ओ चौदा नंबर!' आणि तीन वेगवेगळ्या वर्षांच्या तीन बाया वळून बघतात. मग तिथेच, वांग्यांच्या ढिगाशी, सर तिघींनाही तोंडी सगळं सांगतात. ते मात्र पोहोचतं. चौदा नंबर मम्मी शेजारणीला सांगते, शेजारीण जावेला, आणि रात्रीपर्यंत ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांनाही निकाल किती वाजता ते ठाऊक होतं. ग्रुपवरचे तर अजून विचारतच असतात.

निकालाच्या दिवशी सात वाजता झेंडावंदन, मग प्रगतिपुस्तकं. निम्मा वर्ग हजर. उरलेल्यांचे निकाल घ्यायला काका, शेजारी, एकदा तर दूधवाला आला. त्याने तीन घरांचे घेतले आणि सही केली. सरांनी प्रत्येकाला बजावून सांगितलं, शाळा सोमवार 16 जूनला उघडणार, विदर्भातली 23 ला, आपण विदर्भात नाही. हे शेवटचं सांगावं लागतं. मलकापूर आलं की विदर्भ, आणि तिकडच्या भाच्यांमुळे दर वर्षी काही पोरं आठवडाभर उशिरा उगवतात.

वर्ग पुढे जातो, मुलं बदलतात, पण ग्रुप कुणी सोडत नाही. सोडायचा कसा ते अनेकांना येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना सरांचं वाईट वाटतं. त्यामुळे सरांकडे दर वर्षाचा एक असे ग्रुप साचलेत, आणि जुन्या मुलांच्या बातम्या तिथेच पडतात: पोलीस भरती, नवीन दुकान, बारसं. त्याच आखाजीच्या तोंडावर '7 ब 2015-16' वर एक लग्नपत्रिका आली. रोल नंबर 9 ची. वधूचं नाव, वराचं नाव, हळद, गोरज मुहूर्त, खाली आहेर आणू नये. अंगठे पडू लागले होते. सरांनी पत्रिका दोनदा वाचली आणि लिहिलं:

'सर्वांना कळविण्यात येते की 30 एप्रिल रोजी बुधवार आहे, पत्रिकेत मंगळवार छापण्यात आला आहे. पाहुण्यांनी बुधवारीच यावे. वाचले असल्यास अंगठा टाकावा.'

सत्तावीस अंगठे पडले. मंगळवारी संध्याकाळी मंडपात अकरा जण आले होते.