जुनी स्पेलिंगे सुधारण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

वऱ्हाडच्या इतिहासाचे इंग्रजी दप्तर हाती आले की होतकरू अभ्यासकाने आधी लाल पेन्सिलीला टोक करावे. साहेबाने अचलपूर लिहिताना 'ई, डबल एल' अशी सुरुवात केली असेल तर तिथे काट मारून आजचे स्पेलिंग घालावे. अमरावती दोन 'ओ'ने सुरू होऊन दोन 'ई'ने संपत असेल तर तिलाही वळण लावावे. 1803 च्या नोव्हेंबरात जिथे लढाई झाली त्या अडगावच्या नावाअखेरचा 'एम' खोडावा. त्यानंतर पंधरवड्याने पडलेल्या गाविलगडाचे 'जी-एच-यू-आर' असे शेपूटही छाटावे. 1851 पासून दिलेल्या आर्मी ऑफ इंडिया पदकाच्या पट्ट्यांवर हीच नावे कोरलेली आहेत. तिथे पेन्सिल चालत नाही, कानस वापरावी.

या पद्धतीचा मोठा फायदा असा की मूळ कागद पुन्हा कोणाला सापडत नाही. जुन्या सूचीत अचलपूर 'ई'खाली आणि अमरावती 'ओ'खाली असते. तुमचा वाचक दोन्ही 'ए'खाली शोधत बसतो. पुरावाच हाती लागला नाही की निष्कर्षाला आव्हान देणार कोण? शिवाय कागद कोणत्या काळातला, हेही झाकले जाते. सुरुवातीचे साहेब कानाला ऐकू येईल तसे लिहीत. 'उ-ऊ'ला डबल ओ, 'ई'ला डबल ई आणि आपल्या 'अ'ला 'यू', अशी त्यांची रीत होती. 1870 नंतर विल्यम हंटर यांची रोमन लिप्यंतराची पद्धत सरकारी लिखाणात रुळली, 'अ'ला 'ए' मिळाला आणि दोन 'ओ'ची अमरावती मागे पडत गेली. अर्थात केवळ स्पेलिंगवरून साल ठरवू नये, कारण सवयी चिवट असतात: लिव्हरपूलचे व्यापारी वऱ्हाडी कापसाला नंतरही 'ऊमरा'च म्हणत. पण स्पेलिंग हा एक साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराचा जबाब परस्पर बदलला की खटला लवकर निकालात निघतो.

यावर कोणी म्हणेल, साहेबाने आमच्या नावांची मोडतोड केली, ती आम्ही का जपावी? मुद्दा भारदस्त आहे. अडचण एवढीच की अचलपूरच्या बाबतीत आरोपी चुकतो. इंग्रज वऱ्हाडात येण्याच्या कितीतरी आधीपासून फारसी लिखाणात हे गाव एलिचपूर होते. साहेबाचा गुन्हा फार तर एका जादा 'एल'चा. तेवढा ढिसाळपणा तो स्वतःच्या भाषेतही करी: जॉन्सनच्या 1755 च्या कोशात 'पब्लिक'च्या शेवटी एक जादा 'के' आहे, म्हणून जॉन्सनला कोणी इंग्रजीद्वेष्टा ठरवत नाही. दुसरा आक्षेप वाचकाच्या सोयीचा. त्यावर उपाय म्हणजे आपल्या वाक्यात अचलपूर लिहावे, अवतरणातले नाव जसेच्या तसे ठेवावे आणि सूचीत दोन्हींची गाठ घालून द्यावी. मात्र एवढ्या स्वस्तात विद्वत्ता दिसत नाही, म्हणून हा उपाय फारसा खपत नाही.

तरीही दुरुस्तीचा हट्ट असेलच तर तो अर्ध्यावर सोडू नये. अडगावच्या स्पेलिंगमधला तो खोडलेला 'एम' म्हणजे जुन्या 'गांव'मधले अनुनासिक आहे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी मराठीने असे अनुच्चारित अनुस्वार स्वतःहून काढून टाकले. साहेबाच्या वहीत मात्र त्याची खूण राहिली. जुने लिखाण जुने आहे एवढ्याच कारणाने चूक ठरत असेल, तर पुढचा क्रमांक लोकहितवादींच्या 'शतपत्रां'चा. तिथले प्रत्येक अनुस्वाराचे टिंब खोडावे, ऱ्हस्वदीर्घ तपासावेत, आणि प्रस्तावनेत अभिमानाने नोंदवावे की ही अस्सल आवृत्ती आहे.