उघडझापीचे शास्त्र

नदीवरचा उचलता पूल बोटीसाठी केव्हा उघडायचा, याचे नियम बारमाही नद्यांच्या देशांत फार बारकाईने केलेले आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या नशिराबादला असा पूल नाही. भुसावळकडे जाताना महामार्ग साकेगावपाशी वाघूर ओलांडतो, पण त्या पुलाखालून शिडाचे जहाज जाण्याची वेळ अजिंठ्याच्या डोंगरातून येणाऱ्या या नदीने अजून येऊ दिलेली नाही. पुरात बोट टिकत नाही आणि उन्हाळ्यात ती तरंगत नाही. तरीही विषय खान्देशाला परका म्हणता येणार नाही. दोन वाटा एकाच पातळीवर एकमेकींना छेदू लागल्या की एकीला थांबावे लागते, आणि ती कोणती हे कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. खान्देशात बोटीच्या जागी मालगाडी आहे आणि उचलत्या पुलाच्या जागी रेल्वेचे फाटक, एवढाच फरक.

उचलत्या पुलांचा मूळ नियम असा, की बोट आधी आणि रस्ता नंतर. नदी ही पुलाहून जुनी वाट आहे. शिवाय बोटीला ब्रेक नसतो आणि भरती-ओहोटी कोणासाठी खोळंबत नाही. लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ साली खुला झाला तेव्हापासून तिथे हीच रीत चालू आहे. ज्या बोटीची उंची ३० फूट किंवा त्याहून जास्त, तिने किमान २४ तास आधी लेखी कळवायचे. पूल ठरल्या वेळी उघडतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. पहिल्या वर्षी तो ६,००० हून अधिक वेळा उघडला होता. आता वर्षाला साधारण ८०० वेळा उघडतो, कारण जहाजे गेली आणि हौशी शिडाच्या बोटी राहिल्या. म्हणजे हजारो नोकरदार घड्याळाकडे बघत उभे राहतात ते चार माणसांच्या सहलीसाठी. पण सहलवाल्यांनी रीतसर वेळ घेतलेली असते आणि नोकरदारांनी घेतलेली नसते.

ही वेळ किती पाळली जाते, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. डिसेंबर १९५२ मध्ये पूल वर जाऊ लागला तेव्हा एक बस त्याच्यावरच होती. चालकाने गाडी थांबवण्याऐवजी वेग वाढवला आणि फटीवरून पलीकडच्या भागावर उडी मारली. त्याला दहा पौंड बक्षीस मिळाले. (आपल्याकडे दहा पौंडांच्या ऐवजी कारणे दाखवा नोटीस मिळाली असती आणि उडीत जळालेल्या डिझेलची वसुली पगारातून झाली असती.) दुसरे उदाहरण १९९७ चे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन लंडनमध्ये होते. त्यांची गाडी पुढे गेली आणि मागचा ताफा अलीकडे अडकला, कारण ‘ग्लॅडिस’ नावाच्या एका जुन्या शिडाच्या बोटीची वेळ झाली होती. पूल उघडला, बोट गेली, पूल मिटला. या प्रकरणी पुलावरच्या कोणाचीही बदली गडचिरोलीला झाली नाही.

अमेरिकेने याच्या पुढे जाऊन उचलत्या पुलांसाठी केंद्रीय नियमच केले आहेत. पूल उघडायला हवा असेल तर बोटीने भोंग्याचा एक लांब आणि एक आखूड आवाज द्यायचा. उघडणार असेल तर पुलावरून तसेच उत्तर येते. उघडणार नसेल तर पाच आखूड आवाज येतात, आणि बोट गप्प उभी राहते. कचेऱ्या भरण्या-सुटण्याच्या वेळी हौशी बोटींसाठी पूल बंद ठेवायची मुभा अनेक ठिकाणी आहे. भोंगा वाजवून मार्ग मागण्याची पद्धत खान्देशात अधिक विकसित असून, जळगाव भागातल्या एखाद्या फाटकावर एक मालगाडी जाईपर्यंत शंभर दुचाकीस्वार लांब, आखूड आणि मधले असे सर्व प्रकारचे आवाज देत असतात. उत्तर मात्र कोणीच देत नाही.

भारतातही या शास्त्राला इतिहास आहे. १८७४ साली हुगळीवर बांधलेला हावड्याचा तरता पूल जहाजांसाठी मधोमध उघडावा लागे. १९०६ पर्यंत तो फक्त दिवसाच उघडत असे, म्हणजे कलकत्त्याचा धंदा आणि पुलाची सुट्टी एकाच वेळी येई. त्यानंतर तो रात्रीही उघडू लागला आणि १९४३ मध्ये आजचा पक्का पूल आल्यावर प्रश्नच मिटला. रामेश्वरच्या वाटेवरचा पांबनचा रेल्वेपूल १९१४ चा. त्याचा मधला भाग माणसे हातांनी यंत्र फिरवून वर उचलत. त्याच्या शेजारी बांधलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा तुकडा लिफ्टसारखा सरळ १७ मीटर वर जातो. भारतीय रेल्वे जहाजासाठी स्वतःचे रूळ बाजूला करते, हे दृश्य बघायला खान्देशच्या माणसाने रामेश्वरची यात्रा जरूर करावी. घरच्या फाटकावर असा चमत्कार दिसण्यातला नाही.

फाटकाचा कायदा उचलत्या पुलाच्या बरोबर उलटा आहे. इथे जी अवजड, वेगवान आणि सरकारी, ती आधी. रेल्वे १८६७ साली भुसावळमार्गे नागपूरला पोहोचली. तेव्हापासून बैलगाडीने थांबायचे आणि गाडीने जायचे हे ठरलेले आहे. जळगाव ते भुसावळ हा २४ किलोमीटरचा पट्टा तर देशातल्या मोठ्या वाटांचा गुंताच आहे. मुंबईहून दिल्लीकडे, मुंबईहून हावड्याकडे आणि सुरतेहून हावड्याकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या याच पट्ट्यातून जातात. दोन मार्गिका पुरेनात म्हणून तिसरी आणि चौथी घातली गेली. नशिराबादच्या शेजारच्या भादली स्थानकावर उभे राहिले की अर्धा भारत समोरून जाताना दिसतो. त्यातला फारच थोडा भारत तिथे थांबतो.

फाटक उघडण्याचा अधिकार फाटकवाल्याकडे आहे, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. गर्दीतला प्रत्येक जण त्याच्या खोलीकडे बघून बोलतो आणि जे बोलतो ते छापता येत नाही. प्रत्यक्षात सिग्नलशी जोडलेल्या फाटकावर त्याच्या हातात काहीच नसते. स्टेशनमास्तर फोन करतो, गुप्त आकड्याची देवाणघेवाण होते, फाटकवाला दांडे खाली करून कुलूप घालतो आणि मगच गाडीला सिग्नल मिळतो. एकदा सिग्नल मिळाला की गाडी निघून जाईपर्यंत दांडा वर होत नाही, समोर साक्षात जिल्हाधिकारी असले तरी. म्हणजे बाहेरची माणसे फाटकाने अडवलेली आणि फाटकवाला कुलपाने अडवलेला. दोघांतला फरक इतकाच, की त्याला त्याबद्दल पगार मिळतो आणि शिव्याही.

गाडीला अजिबात थांबावे लागत नाही असेही नाही. फाटकाच्या ६०० मीटर आधी ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी फळी असते. तिथून चालकाने शिटी वाजवत यायचे. फाटकाचा सिग्नल लाल असेल तर त्याने गाडी उभी करायची आणि दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटे वाट बघायची. तेवढ्यात सिग्नल पडला नाही तर सावकाश फाटकापर्यंत जाऊन काय झाले ते बघायचे. गाडीच्या वाट बघण्याला अशी मिनिटांची मर्यादा घातलेली आहे. रस्त्यावरच्या माणसाला ती घातलेली नाही. त्याच्यासाठी १९८९ च्या रेल्वे कायद्यातले १६० वे कलम आहे: बंद फाटक परस्पर उघडले तर तीन वर्षांपर्यंत कैद, मोडले तर पाच वर्षांपर्यंत.

कलम कडक असले तरी दांड्याखाली दुचाकी आडवी करून ती पलीकडे ओढण्याची कला त्यातून सुटलेली दिसते, कारण तीत फाटक उघडतही नाही आणि मोडतही नाही. फाटक पडले की पहिल्या मिनिटात रस्त्याची डावी बाजू भरते, दुसऱ्या मिनिटात समोरून येणाऱ्यांची उजवीही भरते. रुळांच्या पलीकडेही तेच झालेले असते. शेंगा विकणारा सिग्नलकडे एक नजर टाकतो आणि मालगाडी आहे असे दिसले की पुड्या वाढवतो. पन्नास-साठ डबे मोजून होतात. दांडा वर जातो आणि पानिपतावर सज्ज झालेल्या फौजांप्रमाणे दोन्हीकडचे लोक एकाच वेळी एकमेकांच्या अंगावर निघतात. बरोबर रुळांवर केळीचा ट्रक अडकतो. ट्रकच्या चालकाला मागे घ्यायला सांगणारे दहा आणि पुढे घ्यायला सांगणारे दहा असतात. तो निघेपर्यंत पुढची गाडी भुसावळहून सुटलेली असते आणि फाटकवाल्याचा फोन वाजतो.

यावर उपाय म्हणजे रेल्वेवरून जाणारा उड्डाणपूल. तो कुठे बांधायचा हे रेल्वे भावनेने ठरवत नाही, गुणाकाराने ठरवते. दिवसभरात फाटकावरून जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येला रस्त्यावरच्या वाहनांच्या युनिटांनी गुणायचे. त्या आकड्याला टीव्हीयू म्हणतात. तो १ लाखावर गेला की रेल्वे आणि राज्य सरकार यांनी निम्मा-निम्मा खर्च करून पूल बांधावा, असा गेल्या अनेक वर्षांचा निकष आहे. या हिशेबात राजधानी एक्स्प्रेस म्हणजे एक, केळीचा ट्रक म्हणजे एक आणि बैलगाडीही एकच. रिक्षा अर्धी. इतका समाजवाद राज्यघटनेनंतर फक्त या कोष्टकात आढळतो. पायी जाणाऱ्याचे मात्र युनिट होत नाही. कडेवर पोर आणि डोक्यावर भरिताच्या वांग्यांची पाटी घेऊन बाई फाटकाशी अर्धा तास उभी राहिली, तरी गुणाकारात तिचे स्थान शून्याचे. आणि शून्याला राजधानीने गुणले तरी शून्यच येते.

गुणाकाराची खरी गंमत पुढे आहे. दिवसाला १०० गाड्या असतील तर १,००० वाहनांनी लाख पुरा होतो. गाड्या वाढल्या की आकडा वाढतो, हे बरोबर. पण गाड्या वाढल्या की फाटकही जास्त वेळ बंद राहते, आणि ते जास्त वेळ बंद राहिले की शहाणी माणसे दुसरा रस्ता धरतात. मग मोजणीला माणूस येतो तेव्हा त्याला वाहने थोडी दिसतात. ज्या फाटकाला लोक सर्वांत जास्त कंटाळले, त्याची मोजणी सर्वांत सभ्य निघू शकते. पूल हवा असेल तर मोजणीच्या दिवसांत सगळ्यांनी मुद्दाम त्याच फाटकावर येऊन खोळंबावे, बैलगाड्या असल्यास सोबत आणाव्यात. त्या रिक्षांपेक्षा दुप्पट भरतात.

खान्देशातली दुसरी उघडझाप हतनूरची. तापी आणि पूर्णा यांच्या संगमाखालच्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत. लंडनमध्ये बोट २४ तास आधी पुलाला कळवते. इथे वरच्या अंगाला पाऊस कोसळला की पाणी धरणाला कळवते आणि धरण काठच्या गावांना. वाट मागणारा इतका बलाढ्य असल्यामुळे अर्ज, शेरा, टिपणी यांपैकी काहीही लागत नाही. वर्तमानपत्रांत ‘दरवाजे पूर्ण उघडले’ असे ठळक छापून येते आणि जळगाव जिल्ह्यात कुठलीही गोष्ट पूर्ण उघडल्याची तेवढी एकच बातमी वर्षभर पुरते.

तिसरी उघडझाप खुद्द नशिराबादच्या टोलनाक्यावर आहे. तिथला दांडा पैसे बघून वर जातो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये सांगितले, की गर्दीच्या वेळीही एका वाहनाला १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये आणि रांग १०० मीटरच्या पिवळ्या रेषेबाहेर गेली तर ती आत येईपर्यंत पुढच्यांना टोल न घेता सोडावे. थांबणाऱ्याच्या वेळेला किंमत असते, हे तत्त्व या कागदावर निर्विवाद मान्य झाले होते; २०२४ मध्ये तो कागद मागे घेतला गेला. फाटकावर ते लागू झालेले नाही, कारण फाटकावर थांबणारा काही देत नाही.

या परंपरेत वाघूरवर उद्या उचलता पूल झालाच, तर त्याची नियमावली कशी असेल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. भूमिपूजन दोनदा होईल, दोन वेगळ्या निवडणुकांआधी. बोटवाल्याने २४ तासांऐवजी २४ दिवस आधी तीन प्रतींत अर्ज करावा. सोबत आधारची झेरॉक्स आणि नगरपरिषदेचा ना-हरकत दाखला जोडावा. अर्ज पाटबंधारे खात्याकडे जाईल आणि नदीत पाणी असल्याचा दाखला मागवला जाईल. दाखला येईल तेव्हा पाणी ओसरलेले असेल, सबब अर्ज निकाली. मंत्र्यांचा दौरा असेल त्या दिवशी पूल पहाटेपासून मिटलेला राहील, म्हणजे ‘ग्लॅडिस’सारखा प्रसंग ओढवणार नाही. पूल उचलणारा कर्मचारी कंत्राटी असेल आणि उचलण्याचे यंत्र दुरुस्तीला पुण्याला गेलेले असेल.

फाटकाच्या जागी उड्डाणपूल होतो तेव्हा काय घडते, हे मात्र अंदाजाने सांगावे लागत नाही. पूल झाला की फाटक कायमचे बंद करायचे, असा शिरस्ता आहे. दांडे निघतात, फाटकवाल्याची खोली रिकामी होते आणि दोन्ही बाजूंना भिंत किंवा रुळांचे तुकडे रोवलेले कुंपण उभे राहते. वाहने पुलावरून दोन मिनिटांत पलीकडे जातात. ज्या पायी माणसाचे युनिट झाले नव्हते, त्याने पुलाचा चढ चढून, उतार उतरून, मघाशी वीस पावलांवर असलेल्या दुकानात जायचे असते. तो जात नाही. महिन्याभरात भिंतीला एक माणूस आडवा होऊन जाईल एवढे भगदाड पडते आणि दुधाची किटली, दप्तर, वांग्यांची पाटी त्यातून ये-जा करू लागतात. तिथे सिग्नल नाही, शिटीची फळी नाही आणि थांबवायलाही कोणी नाही. रेल्वे कायद्याचे १४७ वे कलम आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.