आजोबांचा फेरफार आणि पाच मॅनेजर

चुलतभावाचा गावाहून फोन आला. "आजोबांच्या वेळचा फेरफार तलाठ्याला दाखवायचाय. तू स्कॅन करून ठेवला होतास ना, तेवढा पाठव." मी म्हणालो, "पाच मिनिटांत पाठवतो." ही गोष्ट गणपतीच्या आधीची. आता दिवाळीचा चिवडा तळाला गेलाय.

फाइल संगणकात होती, यात शंका नाही. शंका एवढीच, की ती 'नवीन फोल्डर'मध्ये होती, 'नवीन फोल्डर 2'मध्ये होती, की 'आवरायचं आहे' नावाच्या फोल्डरात, ज्याच्या पोटात आणखी एक 'आवरायचं आहे' आहे. शहाण्या माणसाने बसून शोधली असती. मी लिनक्सवाला. आमच्यात वस्तू हरवली की कपाट बदलतात.

कपाटं म्हणजे फाइल मॅनेजर; तीही फुकट आणि ओपन सोर्स, त्यामुळे बायकोला हिशेब द्यावा लागत नाही. घरात आधीपासून होता नॉटिलस. मॅकिंटॉश घडवणाऱ्यांपैकी अँडी हर्ट्झफेल्ड ज्या ईझेल कंपनीत होता, तिने तो बनवला. 2001च्या मार्चमध्ये पहिली आवृत्ती आली आणि मे महिन्यात कंपनी बंद पडली. मॅनेजर राहिला, मालक गेला. पुढे 2012मध्ये त्यातली खिडकी दुभागण्याची सोय काढून टाकली, लोक चिडले, आणि लिनक्स मिंटवाल्यांनी त्याच कोडवरून वेगळी चूल मांडली. तिचं नाव नेमो.

ज्यूल व्हर्नची नॉटिलस पाणबुडी आणि तिचा कप्तान नेमो. व्हर्नच्या नंतरच्या एका कादंबरीत कळतं, की हा नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, सत्तावन्नच्या उठावात लढलेला. बुंदेलखंड म्हणजे झाशीचा मुलूख! मी ताबडतोब नेमो बसवला. सॉफ्टवेअर निवडण्याचं याहून भक्कम कारण माझ्याकडे कधीच नव्हतं. एफ 3 दाबलं की खिडकी दुभंगायची. मग डावीकडेही फेरफार सापडेना आणि उजवीकडेही.

केडीई या डेस्कटॉपचा डॉल्फिन आणला. त्यात एफ 4 दाबलं की खाली टर्मिनलच उघडतं, वर बटणं इतकी की विमान चालवतोय असं वाटावं. नॉटिलस, नेमो, डॉल्फिन, सगळे पाण्यातले. आठवडाभरात मीच त्यांना पाण्यात पाहू लागलो.

तेव्हा ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, "काका, माउस सोडा. रेंजर वापरा." रेंजरमध्ये तीन रकाने असतात: मागचा फोल्डर, आताचा फोल्डर आणि पुढ्यातल्या फाइलची झलक. चालायचं एच, जे, के, एल या चार अक्षरांनी. जे म्हणजे खाली आणि के म्हणजे वर. का, ते विचारायचं नाही; व्हीआय एडिटरच्या घराण्यात हीच रीत आहे. चार दिवस मी बोटांना मुळाक्षरं शिकवली. पाचव्या दिवशी बँकेला पाठवायच्या पत्रात 'जेजेजेजे' उमटलं.

शेवटी परतलो मिडनाइट कमांडरकडे. निळा पडदा, शेजारीशेजारी दोन तक्ते, खाली एफ 5 कॉपी, एफ 6 हलवा, एफ 8 पुसा. मिगेल दे इकाझा या मेक्सिकन विद्यार्थ्याने 1994मध्ये हा सुरू केला आणि पुढे ग्नोम या डेस्कटॉपच्या पायाभरणीतही तोच होता. नॉटिलस यायच्या आधी ग्नोमच्या घरात फायलींचा कारभार याच कमांडरच्या एका रूपाकडे होता. म्हणजे मी वाड्यातल्या आजोबांपर्यंत पोचलो होतो. डॉसच्या दिवसांत नॉर्टन कमांडरवर फिरलेली बोटं आपोआप चालू लागली. त्या भरात जुनी अडगळ साफ करायला काढली. आजोबा जुन्या वळणाचे. त्यांच्याकडे कचरापेटी नाही, एफ 8 म्हणजे थेट गंगार्पण. 'नवीन फोल्डर 2 पुसू का?' असं त्यांनी रीतसर विचारलं. 'हो' म्हणणारा मी.

मी किंचाळलो तशी आई आतून आली.

"काय हरवलंय रे?"

"आजोबांचा फेरफार."

"माळ्यावर, पत्र्याची ट्रंक, तिच्यात त्यांची शाल, शालीखाली बिस्किटांचा डबा, त्यात."

एकही स्लॅश न वापरता सांगितलेला पूर्ण पाथ. स्टूल घेऊन चढलो. डब्यात फेरफार होता, त्याखाली माझं आठवीचं प्रगतिपुस्तकही होतं. ते परत शालीखाली सारलं.

फेरफाराचा मोबाइलवर फोटो काढला आणि चुलतभावाला फोन करून म्हणालो, "पाच मिनिटांत पाठवतो." पाचही मॅनेजर अजून संगणकावर आहेत. फोटो मोबाइलमध्ये कुठे सेव्ह झाला, ते शोधतोय.