डांबरगोळीबाईंना अनावृत पत्र

मु. पो. बेसिनची जाळी व कपाटाचा तळचा खण, येथील सौ. डांबरगोळीबाई यांस स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या वासाला आमच्याकडे स्वच्छतेचा दाखला मानतात. हॉटेलच्या मोरीत आपण चार रंगांत पहुडलेल्या दिसलात की गिऱ्हाईक निर्धास्तपणे हात धुते. आपण मात्र कामाच्या अशा की स्वतः झिजता आणि कोणाला कळू देत नाही. दिवाळीत पैठणीच्या घडीत ठेवताना बोराएवढ्या असता, होळीला वाटाण्याएवढ्या होता, आणि पाऊस लागेपर्यंत मलमलीची रिकामी पुरचुंडी तेवढी उरते. ‘गोळी संपली’ असे म्हणून घरातले नवी आणतात. ती गेली कुठे, हे कोणी विचारत नाही. उत्तर शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, संप्लवनाच्या धड्यात, कापूर आणि आयोडीनच्या शेजारी. आपल्यातले नॅफ्थलीन न वितळता थेट हवेत जाते. म्हणजे सबंध गोळी, शेवटच्या कणापर्यंत, घरातल्या माणसांच्या हवेत खर्ची पडते. दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेला हा पदार्थ आपण परीटघडीच्या वासात खपवलात, याबद्दल आपल्या धंद्याच्या अकलेला दाद द्यावी तेवढी थोडी.

आता त्या धंद्याचा हिशेब. कसरीच्या अळ्या लोकर आणि रेशीम खातात. सुती परकरात आणि टेरिकॉटच्या शर्टात त्यांना रस नसतो, तरी आपण त्यांच्याही राखणीला बसलेल्या असता. शिवाय अळ्या मरायच्या तर आपली वाफ बंद डब्यात आठवडेच्या आठवडे कोंडून राहावी लागते. आमची कपाटे दारात कागदाची घडी खोचल्याशिवाय बंद राहत नाहीत. तिथून वाफ सुटते, अळीला पुरत नाही, आणि पलंगावर झोपलेल्याला मात्र रात्रभर मिळते. किडा मरेल इतकी वाफ भरली तर त्या खोलीत माणसाने झोपू नये, आणि माणसाला सोसेल इतकी ठेवली तर किडा सुखाने जगतो. ही नोकरी आपण इतकी वर्षे टिकवलीत कशी, हे खरे कोडे आहे.

‘आजीच्या ट्रंकेत गोळ्या होत्या, कोणाला काय झालं?’ हा आपल्या वकिलांचा लाडका मुद्दा. बहुतेकांना काही होत नाही, हे मान्य. कर्करोगाचे भयही मी दाखवणार नाही: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये आपल्याला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातले ते मुख्यतः उंदरांवरच्या पुराव्यावरून. पण रक्ताचे प्रकरण माणसांतले आहे. जी-6-पीडी हे विकर ज्यांच्यात कमी, त्यांच्या तांबड्या पेशी आपल्या वाफेने फुटतात. नवजात बाळात त्यातून कावीळ चढते आणि ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी 1963 साली आपल्यापायी तांबड्या पेशी फुटलेल्या 21 बाळांची नोंद छापली. त्यांतली दोन दगावली, आणि बहुतेकांच्या अंगाला गोळ्यांतला कपडा लागलाही नव्हता, नुसता वास पुरला. ही कमतरता पारशी, सिंधी आणि कित्येक आदिवासी समाजांत बऱ्यापैकी आढळते, मुलग्यांत जास्त. आजीच्या घरात ती नसेल. पण ती आहे की नाही, हे बाळाच्या जन्माआधी किती घरांना ठाऊक असते?

आणि नेमक्या अशाच घरांत आमची एक गोड रीत आहे. थोरल्याची झबली, टोपडी, दुपटी धुऊन, गोळ्या घालून माळ्यावर जातात, आणि धाकट्याच्या बारशाला खाली उतरतात. न झटकता, न धुता, तेलाने माखलेल्या अंगावर चढतात. नॅफ्थलीन तेलात विरघळते, बाई. मालीशवालीने आपली वाट आधीच गुळगुळीत करून ठेवलेली असते. युरोपीय संघाने 2008 मध्ये आपल्याला घरगुती वापरातून रजा दिली. इथे आपण वाण्याकडे पेपरमिंटच्या बरणीशेजारी बसता, आणि रांगत्या मुलाला दोघींतला फरक कळत नाही.

‘मग पैठणीचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते, म्हणून साडी स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी. लोकरीचे कपडे पिशवीत बांधून काही दिवस फ्रीजरमध्ये राहिले तर अळ्या आणि अंडी दोन्ही जातात. लवंग आणि कडुलिंबाच्या पाल्यावर मात्र भिस्त नको. त्यांचे गोडवे फार, काम थोडे. कापूरही साधुसंत नाही, मुलाने गिळला तर झटके आणतो. राहता राहिले बेसिन: त्याच्या भोकात झुरळ अडवायला बारीक जाळी पुरते. तिला वास नसतो, म्हणून ती कोणाच्या नजरेत भरत नाही.

आपला,
एक नाक मुठीत धरलेला ग्राहक

ता. क. माळ्यावरचे बोचके बारशाच्या आदल्या दिवशी उघडू नये. कपडे धुऊन, वास पुरता जाईपर्यंत उन्हावाऱ्यात टांगायला आठवडाभर तरी हाताशी असावा. उरलेल्या गोळ्या मोरीत ढकलू नयेत, घट्ट बरणीत घालून घातक कचऱ्यात द्याव्यात. तिथेही आपण हळूहळू संपालच, पण निदान कोणाच्या पाळण्यापासून लांब.