पोट्टा केवढा हाये?

"पोट्टा केवढा हाये, भाऊ?" सायकलवाल्या काकांनी विचारलं.

"सेहेचाळीस वर्षांचा."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्यामागे कोणी उभं आहे का ते पाहिलं आणि नोकराला म्हणाले, "भाऊले पानी दे बे."

मी बीएमएक्स मागितली होती. अमरावतीत बीएमएक्स म्हणजे जाड टायरची, रंगीबेरंगी, पाचवी पास झाल्यावर मिळणारी सायकल. मलाही ती मिळणार होती. गणितानं घात केला आणि बाबांची काळी बावीस इंची वाट्याला आली. तिच्या दांड्याखालून पाय घालून मी कैची शिकलो. ते उरलेलं आता वसूल करायचं होतं.

काका समजूतदार होते. "हिले गिअर नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँडबी नाही. अन् चांगली घ्याल तं पैसे दुप्पट. काहून घेता?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मोटारसायकलच्या शर्यती पाहून मातीत सायकली उडवल्या, २००८ साली बीजिंगला ते ऑलिंपिकमध्ये गेलं, हे मी सांगितलं. काका म्हणाले, "असन." ऑलिंपिकचं कौतुक अमरावतीला सांगू नये. आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पठ्ठे १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आलेत. इथं मल्लखांबावर उलटा लटकलेला माणूस कोणी वळून पाहत नाही. सीटवर न बसणारा मात्र पाहतात.

कारण हिच्या सीटवर बसायचंच नसतं. ती गुडघ्याच्या खाली असते, उडी मारताना मध्ये येऊ नये म्हणून. माप घ्यायचं ते वरच्या दांड्याचं. माणूस पाच फुटी असो की सहा फुटी, चाक वीसच इंची. दांडा तेवढा वाढतो, तोही साडेवीस, पावणेएकवीस, एकवीस असा पाव-पाव इंचानं. पाचवीपासून कंबर किती वाढली ते टेपला माहीत आहे. वय झालेल्यांसाठी चोवीस इंची चाकाची क्रूझर असते म्हणे. 'वय झालेल्यांसाठी' हे वाचून मी वीसवर ठाम झालो.

शेवटी अकोल्यात मिळाली. एक पोरगा शिकायला पुण्याला चालला होता, त्याची जुनी. ४५ अंशांच्या उन्हात, टेप घेऊन मी त्याच्या अंगणात उकिडवा बसलो. दांडा एकवीस इंच, फ्रेम क्रोमोलीची, म्हणजे साध्या लोखंडासारखी उडीला वाकत नाही. "काका, मागचा ॲक्सल १४ मिलिमीटरचा आहे," पोरगा अभिमानानं म्हणाला. मीही अभिमानानं मान हलवली. त्याची आई दारातून बघत होती. तिनं हळूच विचारलं, "तुमच्या नातवासाठी का?"

"चालवतच ने," असं अकोल्याच्या मित्रानं सुचवलं. रस्ता गुळगुळीत, यात शंका नाही. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना दरम्यान, एका लेनच्या हिशेबानं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि तो गिनीज बुकात गेलाय. मी हिशेब केला. या सायकलला एका पायडलात सव्वाचार मीटर, म्हणजे ७५ किलोमीटरलाच सतरा हजारांवर पायडलं, तीही उभ्यानं. डांबरवाल्यांचा विक्रम धोक्यात नव्हता. मी टेम्पो केला.

पहिल्या दिवशी गल्लीतल्या गतिरोधकावरून उडी मारली. पुढचं चाक चार बोटं उचललं गेलं. मागचं नाही. उतरलो तेव्हा मी सीटवर होतो, जिथं बसायचं नसतं. "पडलात तर लोकांना सांगायचं काय?" एवढंच बायको म्हणाली. कुठं लागलं ते विचारलं नाही, ते दिसतच होतं.

दुसऱ्या दिवशी मागचं चाक पंक्चर. चौकातल्या पंक्चरवाल्यानं सगळे पाने लावून पाहिले, शेवटी ट्रकच्या पेटीतला आणला आणि जोर लावला. नट उडाला तो थेट नालीत. "असा नट आपल्याकडे येतच नाही, भाऊ," तो म्हणाला. पाच दुकानं झाली, तो खरं बोलत होता.

तर वाचकहो, १४ मिलिमीटरच्या ॲक्सलचा एक नट कोणाकडे पडून असेल तर कळवा. मी किंमत विचारणार नाही. तुम्ही फक्त पोट्टा केवढा आहे ते विचारू नका.