सगळ्याला चालेल अशी एक लेन्स

फुलफ्रेम कॅमेरा घरात आला की पहिला साक्षात्कार होतो तो असा, की कपाटातल्या सगळ्या जुन्या लेन्स त्याच्यापुढे तोकड्या पडतात. तशा त्या बसतात. माउंट जुळत असला तर कुरकुरही करत नाहीत. पण नवा कॅमेरा चलाख असतो. छोट्या सेन्सरसाठी केलेली लेन्स लागली हे त्याला लगेच कळतं आणि तो मुकाट्याने आपली चौकट आक्रसून घेतो. म्हणजे पैसे मोजायचे 24 मेगापिक्सेलचे आणि पदरात पडायचे जेमतेम 10.

तेव्हा लेन्स घेणं आलं. एकच घ्यायची, कारण बॉडीनेच यंदाच्या बोनसचा फडशा पाडलेला. आणि एकच घ्यायची म्हणजे सगळ्याला चालेल अशी घ्यायची. इथवर सगळं सरळ असतं. मग आपण चार लोकांना विचारतो.

भाचा इंजिनीअरिंगला आहे. स्वतःचे फोटो फोनवर काढतो, पण सल्ला मात्र फुलफ्रेमचा देतो. "मावशी, डोळे झाकून 24-70 टू पॉइंट एट घे. बाकी सगळा टाइमपास आहे." पंचवटीतले एक फोटोग्राफर आमच्या ओळखीचे. ते म्हणाले, "ताई, लग्नं करायची असतील तर टू पॉइंट एटला पर्याय नाही. करायचीत का?" म्हटलं, एक केलंय, तेवढं पुरे. गंगापूर रोडवर सकाळी फिरायला भेटणारी माझी मैत्रीण 50च्या प्राइमवाली, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सची. तिच्या मते झूम हा आळशी माणसांचा शोध आहे. "अगं, पायांनी झूम करावं. दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे."

हे पायांचं तत्त्वज्ञान ऐकायला छान वाटतं, पण नाशकात ते पदोपदी अडतं. हरिहर किल्ल्याच्या त्या कातळात कोरलेल्या, छातीवर येणाऱ्या पायऱ्यांवर दोन पावलं मागे जाऊन बघावं कुणी. किंवा गोदावरीला पूर आला की होळकर पुलावरून दोन पावलं पुढे. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, या मापाने आम्ही पूर मोजतो. 2016 आणि 2019च्या पुरात सगळं नाशिक हे माप घ्यायला काठावर लोटलं होतं. त्या वेळी मारुती चौकटीत जवळ आणायचा तर काम बोटांनीच करावं लागतं. तिथे 70 अपुरं पडतं, 100च्या पुढे काहीतरी लागतं. मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग पुराचे फोटो काढू नकोस." प्राइमवाल्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांच्याकडे संयम असतो, आणि तो त्यांना फार आवडत असतो.

महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात शेवटी 24-70 हातात घेतली. पुढची काच केवढी! तिच्यात दुकानाची ट्यूबलाइट जांभळी-हिरवी होऊन वाकलेली दिसत होती. झूमची रिंग अशी फिरली, जणू तिला कुणाची घाई नाही. दुकानातल्याच एका कॅननच्या बॉडीला लावली आणि त्या कॅमेऱ्याने माझ्यापुढे लवून नमस्कार केला. म्हणजे त्याचं नाक खाली गेलं आणि माझं मनगट त्याच्या मागोमाग. "मॅडम, सवय होते," दुकानदार म्हणाला. ही कॅननची आरएफ माउंटची, 900 ग्रॅमची. सोनीने दुसऱ्या आवृत्तीत हेच प्रकरण 695 ग्रॅमवर आणलंय, पण तिथे वजन उतरतं ते खिशात जाऊन चढतं.

वजनाचा विषय काढला की जाणकार हसतात. फोटोग्राफीत वजनाबद्दल बोलणं गृहिणीसारखं समजलं जातं, गंभीर कलावंतासारखं नाही. म्हणून मला ऑस्कर बार्नाक हा माणूस फार आवडतो. जर्मनीत वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात तो सूक्ष्मदर्शकांचं काम करायचा. त्याला डोंगरात फिरून फोटो काढायचा नाद होता आणि दमाही होता. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे कॅमेरे वाहून नेणं छातीला झेपेना. तेव्हा त्याने सिनेमाची फिल्म घेतली. सिनेमात ती उभी धावते आणि एका चित्राला 18 बाय 24 मिलिमीटर जागा मिळते. बार्नाकने ती आडवी धाववली आणि दोन चित्रांची जागा एकाच चित्राला दिली: 24 बाय 36. आज ज्याला फुलफ्रेम म्हणतात आणि ज्याच्यासाठी लोक कर्ज काढतात, ते माप मुळात असं एका दमेकऱ्याने ओझं कमी करायला काढलेलं आहे. त्यावर 900 ग्रॅमची लेन्स लावताना त्याची आठवण यावी, एवढंच माझं म्हणणं.

बार्नाकची ही खटपट 1913-14च्या सुमाराची. आणि 3 मे 1913ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तो सिनेमा काढणारे फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे. म्हणजे फाळक्यांच्या दोन चौकटी शेजारी शेजारी मांडल्या की माझा नवा कॅमेरा होतो. नाशिककराला एवढा पुरावा पुरतो. बॉडी घेताना घरच्यांसमोर मी हाच मुद्दा मांडला होता.

फाळक्यांचा कॅमेरा विल्यमसन कंपनीचा, 1912 मध्ये लंडनला जाऊन आणलेला, हाताने दांडा फिरवायचा. झूम नावाची चीज तेव्हा नव्हती; स्थिर छायाचित्रांच्या 35 मिमी कॅमेऱ्यासाठी पहिली झूम बाजारात आली ती 1959 मध्ये. जवळ जायचं असेल तर कॅमेरा उचलून न्यायचा, नाहीतर नटाला पुढे बोलवायचं. (इथे मैत्रिणीचा एक गुण मान्य करायला हवा.) भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं टिपलं आणि पडद्यावर ते एका झटक्यात उगवून दाखवलं. त्यात लेन्सचा वाटा किती आणि वाट बघण्याचा किती, याचा हिशेब भाच्याने करावा. मला मात्र फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिसत राहतात. फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, ती धुणं, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. सामान किती जड आहे हे त्या घरात कुणाला नेमकं ठाऊक असेल तर ते त्यांनाच.

निवडीचा खरा प्रश्न मला वाटतं असा असतो, की आपण लेन्स कुणासाठी घेतो आहोत. आपल्यासाठी क्वचितच. आपण ती घेतो पुढच्या वर्षीच्या आपल्यासाठी. पुढच्या वर्षी आपण पहाटे चारला उठणार असतो, निफाडकडे नांदूर मध्यमेश्वरला धुक्यात उभे राहणार असतो, रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे डोळ्यांत आरपार बघणारे फोटो काढणार असतो. ही बाई फार उत्साही आहे, तिची आवडही उच्च आहे. तिचा खर्च मात्र यंदाच्या बाईला करावा लागतो.

म्हणून एका रविवारी जुने फोटो संगणकावर काढले. प्रत्येक फोटोच्या पोटात तो किती मिलिमीटरवर काढला हे लिहिलेलं असतं. जुना कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, त्यामुळे प्रत्येक आकड्याला दीडने गुणायचं, की फुलफ्रेमचा हिशेब येतो. पहाटे चारचे फोटो शोधूनही सापडेनात. सापडलं ते असं: काळारामाचं आवार, सगळं 24-28च्या आसपास, कारण ते काळं देऊळ ओवरीत पाठ टेकून उभं राहिलं तरी चौकटीत मावत नाही. पांडवलेणी, तसंच. द्राक्षबागेत नातेवाईक, 40. जेवणाची ताटं, 50. आणि मग एक मोठा ढीग 90 ते 120च्या मध्ये: वाढदिवसाला मेणबत्ती विझवणारी मुलं, गच्चीवर पापड उलटणारी जाऊ, रंगपंचमीची रहाड. आमच्या या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, वर्षातून एकदा उघडतात, प्रत्येकीचा रंग ठरलेला, आणि तरुण पोरं त्यात धप्पा मारतात तेव्हा रंगीत पाणी पहिल्या मजल्याला सलाम करून येतं. शहाण्या माणसाने तिथे कॅमेरा घेऊन समोरच्या वाड्याच्या गॅलरीतच थांबावं. तिथूनही 70 कमीच पडतं.

थोडक्यात, माझ्या आयुष्याचा मोठा भाग 70च्या पलीकडे चाललेला होता आणि भाचा मला 70ला थांबायला सांगत होता.

राहता राहिला टू पॉइंट एटचा मान. 2.8 आणि 4 यांत एका स्टॉपचा फरक, म्हणजे उजेड निम्मा. हे खरं आहे आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात, मुलं नाचत असताना, ते बोचतं. पण पांडवलेण्यांतले बुद्ध नाचत नाहीत. दोन हजार वर्षांच्या घरात असलेल्या लेण्यांत शटर थोडं सावकाश उघडलं तरी चालतं, हात स्थिर ठेवण्याचं काम हल्ली बॉडीच करते. आणि मागचं पुसट होण्याबद्दल म्हणाल, तर आकडा सरळ आहे. मिलिमीटरला एफच्या आकड्याने भागलं की लेन्सचं भोक किती मोठं ते कळतं. 70 भागिले 2.8, 25 मिलिमीटर. 120 भागिले 4, 30 मिलिमीटर. चेहरा चौकटीत तेवढाच ठेवून चार पावलं मागे सरकलं, तर दूरची पार्श्वभूमी पुसायला स्वस्तातली चारवालीच जास्त कामाची. भाच्याला हे कागदावर करून दाखवलं. तो म्हणाला, "थिअरीत ठीक आहे." इंजिनीअरिंगच्या मुलाने असं म्हणावं!

प्रत्येक लग्नघरात एक मामा असतो. तो आचारी नसतो, पण मीठ चाखतो. ड्रायव्हर नसतो, पण वऱ्हाड स्टेशनवरून आणतो. भटजींना दक्षिणा आणि रुसलेल्या आत्याला खुर्ची तोच देतो. कुठल्याच कामात त्याचं नाव होत नाही आणि त्याच्यावाचून अक्षता पडत नाहीत. 24-105 आणि 24-120 या चारच्या लेन्स मला त्या मामासारख्या वाटतात. त्या दुकानातल्या जुन्या मालाच्या कपाटाकडे बघितलं तर हे आणखी पटतं. टू पॉइंट एटच्या लेन्स तिथे "फारशी वापरली नाही" अशा चिठ्ठीनिशी बसलेल्या, एकीच्या आतल्या काचेवर दोन पावसाळ्यांची बुरशी जाळं धरून. बाजूला एकच जुनी 24-105, रबर झिजून गुळगुळीत झालेलं, आकडे अर्धे पुसलेले. दुकानदार म्हणाला, "ही येतच नाही फारशी विकायला."

मी निकॉनवाली, म्हणून 24-120 घेतली, 630 ग्रॅम. आणखी एक हिशेब मनात होता तो 2027च्या सिंहस्थाचा. रामकुंडावरच्या त्या गर्दीत, धुळीत, ओल्या कोपरांच्या मध्ये लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरलाही पर्वणीचं स्नान घालणं. जी लावून जाल तीच घेऊन परत यायचं.

दुकानदाराने 77 मिलिमीटरचा फिल्टर घ्यायला लावला, काचेला जपायला काच. त्यावर थोडी घासाघीस झाली आणि एक पुसायचं फडकं फुकट मिळालं. घरी सासूबाईंनी खोका उलटसुलट करून बघितला.

"एवढ्या पैशात काय काय निघतं यात?"

"सगळं निघतं आई. देवळापासून माणसापर्यंत."

"मग आधी माझा फोटो काढ. पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचाय. मोबाइलमध्ये मी मेल्यासारखी दिसते."

खिडकीपाशी बसवून काढला. 85 मिलिमीटर, एफ चार, डाव्या गालावर उजेड, मागची भिंत विरघळून गेलेली, नाकातली चमकी नेमकी शार्प. छान कागदावर छापून घेतला. बँकेतल्या साहेबांनी तो निरखून बघितला, आणि म्हणाले, "आजी, याची एक झेरॉक्स लागेल."