पायाखालची मॅट सरकते तेव्हा

नवी गाडी घेताना आपण काय काय विचारतो? मायलेज किती, एअरबॅग किती, सनरूफ आहे का, स्क्रीन किती इंची. मॅटबद्दल प्रश्न एकच असतो. फुकट देताय ना?

फुकट मिळते. ती कुठल्या मॉडेलची, कोणी बसवली, हुकात अडकवली की नुसतीच टाकली, हे विचारायच्या आत पेढे वाटून झालेले असतात. मॅट म्हणजे चिखल झेलायची वस्तू. तिचा वेगाशी काय संबंध?

चार माणसांचे जीव जाण्याइतका.

२८ ऑगस्ट २००९. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोजवळ, सँटी या गावात एक लेक्सस ईएस ३५० महामार्गावर सुसाट सुटली. चालवणारा नवशिका नव्हता. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांतला अधिकारी होता. गाडीत बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि मेहुणा. मेहुण्याने मदतीसाठी ९११ ला फोन लावला. अ‍ॅक्सिलरेटर अडकलाय, ब्रेक लागत नाहीत, पुढे चौक येतोय. ताशी १६० किलोमीटरच्या वर असलेली गाडी दुसऱ्या गाडीला धडकली, कुंपण तोडून खाली गेली आणि पेटली. चौघांपैकी कोणीही वाचलं नाही.

गाडी त्यांची नव्हती. स्वतःची लेक्सस सर्व्हिसिंगला दिली होती, तोवर वापरायला डीलरने ही दिली होती.

तपासात निघालं काय? एक जाड रबरी मॅट. त्याच कंपनीच्या एका एसयूव्हीसाठी बनवलेली, या गाडीत टाकलेली आणि हुकात न अडकवलेली.

याहून वाईट पुढे आहे. काही दिवस आधी हीच गाडी दुसऱ्या एका ग्राहकाला दिली होती. ट्रकला मागे टाकायला त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तो खालीच राहिला. त्याने ब्रेकवर जोर दिला, गियर न्यूट्रलला टाकला, कशीबशी गाडी कडेला घेतली आणि खाली वाकून पाहिलं तर पेडल मॅटमध्ये रुतलेलं. गाडी परत करताना त्याने हे डीलरच्या रिसेप्शनवर सांगितलं.

सांगितलं. तरी गाडी तशीच, त्याच मॅटसकट पुढच्या ग्राहकाला गेली.

मॅटचा खरा धोका इथे आहे. ती कोणाचीच जबाबदारी नसते. इंजिनाला मेकॅनिक असतो, ब्रेकला वॉरंटी असते, टायरला कंपनी असते. मॅट टाकणारा एक, धुणारा दुसरा, चालवणारा तिसरा. आणि वाकून बघणारा?

आता कंपनीकडे वळू. लेक्सस बनवणाऱ्या टोयोटाला हा प्रकार २००९ साली कळला असं कोणी समजू नये. सप्टेंबर २००७ मध्ये कंपनीने अमेरिकेत कॅमरी आणि ईएस ३५० च्या ५५ हजार रबरी मॅट परत मागवल्या होत्या. मॅट परत मागवल्या, गाड्या नाही. पेडलची लांबी तीच, खालच्या फरशीचा आकार तोच. पुढे जुलै २००९ मधलं कंपनीच्या अमेरिकी कार्यालयाचं एक अंतर्गत सादरीकरण अमेरिकी संसदेच्या चौकशीत बाहेर आलं. ही मोहीम मॅटपुरतीच मर्यादित ठेवून दहा कोटी डॉलरहून अधिक वाचवले, अशी नोंद त्यात यशाच्या यादीत होती.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच सँटीचा अपघात झाला.

मग धावपळ सुरू झाली. सप्टेंबरअखेरीस ग्राहकांना सांगितलं गेलं की चालकाच्या बाजूची मॅट आधी काढून टाका. ३८ लाख गाड्यांसाठी मोहीम जाहीर झाली, आकडा पुढे आणखी वाढला. पेडल खालून कापून आखूड करायचं, फरशीचा आकार बदलायचा, असा तो इलाज. नोव्हेंबरात कंपनीने पत्रकात म्हटलं की ज्या गाड्यांमध्ये मॅट योग्य आणि नीट अडकवलेली आहे, त्यांत दोषच नाही. हे विधान दिशाभूल करणारं आहे, असं अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने जाहीरपणे सुनावलं. जानेवारी २०१० मध्ये दुसरा दोष पुढे आला. पेडलच मुळात जड होऊन सावकाश परत येत होतं. त्यासाठी आणखी २३ लाख गाड्या. फेब्रुवारीत अध्यक्ष अकिओ टोयोडा वॉशिंग्टनला संसदीय समितीपुढे बसले आणि त्यांनी माफी मागितली.

माफीने प्रकरण मिटलं नाही. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाशी झालेल्या करारात कंपनीने ग्राहकांची दिशाभूल केल्याचं मान्य केलं आणि १.२ अब्ज डॉलर भरले. मुळावरच घाव घातलाय, असं कंपनी लोकांना सांगत होती. तेव्हा अंतर्गत चाचणीत मॅट अडकण्याच्या बाबतीत सगळ्यात वाईट ठरलेल्या गाड्यांत करोला होती. आणि करोला परत मागवलेल्या गाड्यांच्या यादीत नव्हती!

मधल्या काळात लोकांना मॅट हे कारण पटेना. एवढी मोठी गाडी, एवढे संगणक, आणि कारण काय तर रबराचा तुकडा? इलेक्ट्रॉनिक्समध्येच काहीतरी काळंबेरं असणार, असा संशय बळावला. शेवटी नासाच्या अभियंत्यांना बोलावलं गेलं. त्यांनी सॉफ्टवेअरच्या जवळपास दोन लाख ऐंशी हजार ओळी तपासल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला: गाडी स्वतःहून बेफाम पळावी असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही. कारणं यांत्रिक आहेत, अडकणारी मॅट आणि चिकटणारं पेडल. ओक्लाहोमातल्या एका ज्यूरीने २०१३ मध्ये सॉफ्टवेअरच्या मुद्द्यावर कंपनीविरुद्ध कौल दिला, हेही खरं. पण त्या वादात पडायची गरज नाही. मॅटमध्ये पेडल अडकू शकतं, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं.

आणि तरीही मॅटकडे कोणी बघत नाही. का? हे कारण फारच साधं आहे म्हणून. माणसाला संकटाच्या तोलामोलाचं कारण लागतं.

आता जरा खाली वाकू या. पेडल वरून लोंबकळतं, त्याचं खालचं टोक फरशीच्या जवळ असतं. रबरी मॅटला पाणी आणि चिखल धरायला खोल खाचा आणि उंच कडा असतात. मॅट बोटभर पुढे सरकली की ती कड पेडलच्या रेषेत येते. रोजच्या चालवण्यात पेडल अर्धंही दाबलं जात नाही, त्यामुळे काही कळत नाही. ओव्हरटेक करताना मात्र ते पार तळाला जातं आणि टोक कडेखाली अडकतं. तुम्ही पाय उचलता, पेडल उठत नाही.

गाडीचा संगणक काय करतो? पेडल दाबलेलं आहे असं सेन्सर सांगतो आणि ते खरंच दाबलेलं असतं. संगणकाच्या हिशेबी सगळं आलबेल असतं.

मग ब्रेक? इथे भल्याभल्यांची गफलत होते. पेट्रोल गाडीत ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वात दाबावर चालतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा असला की तो दाब तयारच होत नाही. शिल्लक असतो तो एखाद-दुसऱ्या दाबापुरता. घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. प्रत्येक वेळी शिल्लक संपत जाते आणि पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागत नाहीत, असं माणूस ओरडतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

म्हणून ब्रेक एकदाच, सगळ्या ताकदीनिशी दाबायचा आणि सोडायचा नाही. गियर न्यूट्रलला. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. गाडी कडेला थांबली की मग बंद करा. चालत्या गाडीची किल्ली उपसायची नाही, स्टिअरिंग कुलूपबंद होतं. बटणाची गाडी असेल तर चालत्या गाडीत एका टिचकीने ती सहसा बंद होत नाही, बटण दाबून धरावं लागतं. त्या लेक्ससमध्ये तीन सेकंद धरावं लागत होतं. गाडी दुसऱ्याची, आणि जीव मुठीत धरलेला. हे तीन सेकंद त्या अधिकाऱ्याला कोणी सांगितले होते?

आपल्याकडे आजवर एका गोष्टीने आपल्याला वाचवलं. क्लच. काही विपरीत झालं की डावा पाय आपसूक खाली जातो, इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो, प्रश्न संपतो. पण आता पुणे-ठाण्याच्या ट्रॅफिकला कंटाळून घरोघरी ऑटोमॅटिक गाड्या आल्यात. डावा पाय बेकार झाला. त्याचं काम आता हाताने, गियरचा दांडा न्यूट्रलला नेऊन करायचं असतं, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी घोटून घेतलंय?

त्यात आपली मॅटची हौस. कंपनीची कापडी मॅट असते, ती खराब होऊ नये म्हणून तिच्यावर सेव्हन-डी मॅट. सेव्हन-डी खराब होऊ नये म्हणून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक. पावसाळ्यात वरून घरातलं पायपुसणं. पुण्यातल्या नाना पेठेत जा नाहीतर गावातल्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात, रंग शंभर दाखवतील, शिलाई दाखवतील, सीटकव्हरला मॅचिंग दाखवतील. पेडल पूर्ण दाबून मॅटशी किती अंतर राहतं, हे दाखवणारा दुकानदार शोधून काढा.

थरावर थर चढले की हुक खालीच गाडला जातो. कंपनीने चालकाच्या बाजूला मुद्दाम हुक दिलेला असतो, शेजारच्या सीटपुढे तो नसला तरी एकवेळ चालतं. हा फरक कशासाठी केलाय, असा प्रश्न किती जणांना पडतो?

आणि मग वॉशिंग. गाडी धुवायला दिली की चारही मॅट बाहेर येतात, झटकल्या जातात, वाळतात आणि टाकल्या जातात. ज्याला दिवसाला वीस गाड्या उरकायच्यात तो हुक शोधत बसणार नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला ते शिकवलेलंच नसतं. चकचकीत गाडी घेऊन आपण थेट एक्स्प्रेस वेवर चढतो. काच पुसली का हे बघतो. मॅट?

अपघाताच्या बातमीत एकच वाक्य येतं. चालकाचं नियंत्रण सुटलं. का सुटलं? तो झोपला होता, प्यायला होता, की पेडलच उठेना? गाडीचा चेंदामेंदा झाल्यावर, क्रेनने ती ओढून नेल्यावर, मॅट कुठे होती हे कोण सांगणार? चालक गेला असेल तर दोष त्याच्या नावावर. तो वाद घालायला येत नाही.

अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच वेळी दाबले गेले तर इंजिनाची ताकद काढून घेणारी यंत्रणा असते. अमेरिकेतल्या गदारोळानंतर टोयोटाने ती तिथल्या नव्या गाड्यांत सरसकट दिली, इतर अनेक कंपन्यांकडेही ती आहे. तुमच्या गाडीत आहे का? शोरूममधल्या मुलाला विचारा. सनरूफ बोलून उघडतं हे तो पाठ म्हणून दाखवेल. हे विचारल्यावर तो मॅनेजरकडे बघेल. मॅनेजर ब्रोशर उघडेल.

उघडू द्या. तोवर ड्रायव्हर सीटवर बसा, इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबा आणि सोडा. पेडल मॅटला नुसतं घासलं तरी ती मॅट तिथेच काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवा. फुकट असली तरी.